वाटी हलता कामा नये

मागच्या दिवाळीला माझ्या बायकोने बुंदी पाडायला नवा झारा आणला. शेजारचा दौलत परब चहाला आला होता. त्याने तो झारा उचलला, ट्यूबलाइटकडे धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "वहिनी, ही भोकं सख्खी नाहीत. चुलत आहेत." बायकोने झारा त्याच्या हातातून काढून घेतला आणि त्याच्यासमोरची चकलीची बशीही उचलली. बुंदी उत्तम झाली होती, हे मी इथे मुद्दाम सांगून ठेवतो.

हा माणूस असाच आहे. चाळणी, शर्टाचं बटण, नळाची जाळी, कुठेही भोक दिसलं की ह्याला आत डोकवायचं असतं. सोनाराकडे असतं तसलं डोळ्याला लावायचं भिंग कायम खिशात. एका लग्नात त्याने सनईवाल्याची सनई मागून घेतली आणि तिसरं भोक खालच्या अंगाला घासलंय असं त्याला तोंडावर सांगितलं. सनईवाल्याने परबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी मध्ये पडलो नाही. जित्याची खोड आहे, आपण कशाला तोंड खराब करायचं?

मी राजेश. लालबागच्या आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा सेक्रेटरी. दौलतची खोली आणि माझी खोली भिंतीला भिंत लागून. त्याने लग्न केलं नाही. घरात तो आणि त्याचे वडील, दोघंच. वडिलांना सगळी चाळ अप्पा म्हणायची. अप्पा मूळचे कणकवलीकडचे. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले आणि त्यांच्या खडखडाटात दोन्ही कान घालवून बसले. पुढे पायही गेले, मग खिडकीशी खाट टाकून कायमचे आडवे झाले. त्यांच्याशी बोलायचं तर खालच्या पानवाल्याला ऐकू जाईल एवढं ओरडावं लागे. त्यांना न ओरडता ऐकू येणारी गोष्ट जगात एकच उरली होती, आमच्या मंडळाचा बँजो, म्हणजे ढोल-ताशासकटचं अख्खं पथक. "कानान नाय रे, छातयेन ऐकतंय," असं ते म्हणायचे. आगमनाच्या दिवशी, म्हणजे परळच्या कारखान्यातून गणपती वाजतगाजत मंडपात येतो त्या दिवशी, अप्पा सकाळीच दाढी करून घेत आणि खिडकी सताड उघडी ठेवायला लावत. वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघायचे.

दौलतने आयटीआय केलं आणि अर्धं आयुष्य उभ्या ड्रिल मशीनवर काढलं. तो कारखाना बंद पडल्यावर दोन वर्षं घरी बसून त्याने आमची डोकी खाल्ली. मग आमच्या चाळीसमोरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्याचा गाळा घेऊन अनुजा साळवी आली. नाशिकची पोर, तिशी-बत्तिशीची, लेझरमध्ये डॉक्टरेट केलेली. "डाक्टर हा, पण सुई टोचणा नाय," ही अप्पांची तिच्याबद्दलची तक्रार. तिचं मशीन क्रेनने उतरवलं तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली आणि आत पांढऱ्या कपाटासारखं काहीतरी निघाल्यावर निराश होऊन घरी गेली. दौलत मात्र गेला नाही. त्याने तिथेच तिला विचारलं, "मॅडम, केवढं भोक पाडतं?" तिने सांगितलं. केसाच्या जाडीत चार-पाच भोकं शेजारी शेजारी बसतील एवढं. दौलतने खिशातलं भिंग काढलं, परत ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिथे कामाला लागला.

पहिल्याच दिवशी त्याने तिचा अर्धा दिवस वाया घालवला. ड्रिलवाल्यांना भोक पाडलं की कीस उडवायला फुंकर मारायची सवय असते. ह्याने मशीनचं दार उघडून फुंकर मारली. ह्या लेझरच्या भोकातून उडवण्यासारखा कीस निघत नाही, पण भिंगापुढच्या संरक्षक काचेवर दौलतच्या तोंडातलं बरंच काही उडालं. अनुजाने शांतपणे काच बदलली आणि त्याच्या तोंडाला मास्क बांधला. तो मास्क अजून आहे. अनुजाचे हे उपकार चाळ कधी विसरणार नाही.

हे लेझर काय भानगड आहे हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलंय, की आता मी झोपेतही सांगेन.

"साधा ड्रिल घासतो," तो सुरू करतो. "घासलं की तापतं आणि कडेला खरबरीत ओठ उभा राहतो. जुना लेझर तर सरळ वितळवतो, भोकाच्या काठावर मेणबत्ती ओघळल्यासारखं होतं. आणि आपला? सेकंदाचे दहा लाख अब्ज तुकडे कर. त्यातले दोन-चारशे तुकडे, बस, तेवढाच वेळ लेझर पेटतो आणि विझतो. मग परत. असं सेकंदाला हजारो वेळा. वहिनी तव्यावर भाकरी फिरवतात, बोटाला चटका बसतो का?"

"नाही बसत."

"का? बोट थांबतच नाही. हा पण थांबत नाही. लोखंडाला तापायला टाइमच देत नाही. जेवढा कण उडवायचा तेवढा वाफ होऊन जातो. बाजूच्या कणाला पत्ता पण नाही की शेजारचा गेला."

"मग त्यात काय नवीन? टॉवरमध्ये राहतात त्यांचं तसंच असतं," मी म्हणतो. तो मला मूर्ख म्हणतो आणि चहा मागतो.

आता ह्या मशीनचं दुखणं ऐका. एवढं बारीक भोक पाडायचं तर खालची पत्र्याची चकती जराही हलून चालत नाही. म्हणून ती एका जाडजूड दगडी टेबलावर असते आणि टेबल हवा भरलेल्या चार पायांवर तरंगतं, जमिनीचा हादरा वर जाऊ नये म्हणून. त्यातला एक पाय गळायला लागला होता आणि नवीन पाय परदेशातून येतो येतो म्हणून येत नव्हता. हादरे मोजायला अनुजाकडे चांगला मीटर होता. पण दौलतचं त्यावर समाधान नाही. तो घरून स्टीलची एक वाटी घेऊन गेला, तिच्यात पाणी भरलं आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. गल्लीतून टेम्पो गेला की वाटीत वलयं उठायची आणि दौलत हात वर करून ओरडायचा, "थांबा! वाटी हलता कामा नये!" मीटर तोवर तेच सांगून मोकळा झालेला असायचा. एकदा ती वाटी सांडता सांडता वाचली तेव्हा अनुजाने वाटी आणि दौलत दोघांनाही बाहेर ठेवायची धमकी दिली. शेवटी वाटी बाजूच्या स्टुलावर आली, पण गाळ्याबाहेर काही गेली नाही.

गेल्या वर्षी बंगळूरची एक कंपनी अनुजाकडे आली. धाप लागणाऱ्या पेशंटला औषधाचं धुकं करून द्यायचं यंत्र ते बनवतात. त्या धुक्यासाठी नखाएवढी एक चकती लागते आणि तिच्यात हजारो भोकं, सगळी सारखी, सगळी गोल. दौलतच्या भाषेत, सगळी सख्खी. कंपनीची अट अशी, की त्यांचा साहेब समोर बसणार आणि चकती एका दमात, मध्ये न थांबता झाली पाहिजे. पास झाली तर वर्षभराचं काम. नापास झाली तर गाळा बंद. अनुजाने स्वच्छ सांगितलं होतं, "दौलतदादा, हे काम गेलं तर मी मशीन चाकणला हलवणार. तिथे जमीन तरी शांत आहे. तुम्ही चला, तुमच्यासारखा हात मला मिळायचा नाही."

दौलत कुठला जातोय. अप्पा लालबाग सोडणार नव्हते आणि दौलत अप्पांना सोडणार नव्हता. त्यांना उचलून संडासला नेण्यापासून पेज भरवण्यापर्यंत सगळं तोच करायचा, गाळा समोरच म्हणून दिवसातून चारदा घरी यायचा. चाकणला नोकरी म्हणजे अप्पांना परक्याच्या हाती देणं, आणि न जाणं म्हणजे पन्नाशीला आलेल्या माणसाने परत घरी बसणं. पहिल्यांदाच मी त्याला कुठल्याही भोकात न डोकावता बसलेला बघितला.

आणि अनुजाने साहेबाला दिवस कुठला द्यावा? श्रावणातला शेवटचा रविवार, दुपारचा. का, तर रविवारी इस्टेट बंद असते, शांतता असते! श्रावणाच्या शेवटच्या रविवारी लालबागमध्ये शांतता शोधायला आलेली ती पहिलीच बाई असेल. त्याच दुपारी आमचं आगमन. तीस माणसांचा बँजो, त्यापुढे नाचणारी पोरं, आणि वाट त्या गाळ्याच्या दारावरून. साहेबाला संध्याकाळचं विमान होतं, दिवस बदलत नव्हता.

शनिवारी दौलत माझ्याकडे आला. "राजेश, उद्या आपल्या गल्लीत तेवढा बँजो बंद ठेव."

"काय?"

"कोपऱ्यापासून मंडपापर्यंत. बाकी वाजवा काय वाजवायचं ते."

"कोणासाठी?"

"भोकांसाठी."

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "अरे, मंत्री आडवा आला तरी आमचा बँजो थांबत नाही. दोनच ठिकाणी थांबतो. हॉस्पिटलसमोर आणि मयत असलेल्या घरासमोर. तुझा गाळा दोन्हीत बसत नाही."

"मयत असलेल्या घरासमोर," तो म्हणाला.

"हो."

"बरं," म्हणून उठला आणि गेला. दौलत परब वाद न घालता उठून जातो, एवढ्यावरूनच मी शहाणं व्हायला हवं होतं.

रविवारी आम्ही गणपती घेऊन निघालो. चाळ सगळी रस्त्यावर. पोरं नाचून घामाघूम, ओरडून ओरडून माझा घसा बसलेला, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर माझा फोन वाजला. दौलत. मी कानावर बोट दाबून ऐकलं.

"राजेश... अप्पा..." एवढंच. पुढे नुसता श्वास.

मी वर बघितलं. अप्पांची खिडकी बंद होती. आगमनाच्या दिवशी, बँजो कोपऱ्यावर आलेला असताना अप्पांची खिडकी बंद! मला दुसरं काही विचारावंसं वाटलंच नाही. मी हात वर केला. बँजो थांबला. "परबांचे अप्पा गेले" हे वाक्य गणपतीच्या ट्रॉलीच्या मागच्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. नाचणाऱ्या पोरांनी डोक्याच्या पट्ट्या सोडल्या. कोणी न सांगता लोक अलगद पावलं टाकायला लागले. एवढा मोठा गणपती आमच्या गल्लीतून असा मुक्याने कधी गेला नव्हता. ट्रॉलीच्या चाकांची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. चाळीखालून जाताना लोकांनी त्या बंद खिडकीकडे बघून हात जोडले. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

ट्रॉली कासवाच्या गतीने पुढे सरकत होती. मी वर जायला निघालो तर समोर गाळ्याचं दार किलकिलं दिसलं आणि आत दौलत. तोंडाला मास्क, नजर वाटीवर. मी तसाच आत घुसलो.

"दौलत! अप्पा गेले आणि तू इथे?"

आत अनुजा होती आणि खुर्चीत तो बंगळूरचा साहेब. अनुजाचा चेहरा पांढरा पडला. साहेब ताडकन उभा राहिला. त्याला मराठी येत नव्हतं, पण 'गेले' कळायला मराठी लागत नाही. "फादर?" तो म्हणाला. "स्टॉप इट! प्लीज! धिस कॅन वेट!" आणि मशीन बंद करायला अनुजाला खुणा करू लागला.

दौलतने घाबरून दोन्ही हात पसरले आणि मशीनच्या आडवा उभा राहिला.

"नाही साहेब! नो स्टॉप!" मग माझ्याकडे वळून दात-ओठ खात म्हणाला, "गेलेत ना? मग आता त्यांना घाई नाय. चकती होऊ दे. आणि तू हळू चाल, वाटी हलवतोयस!"

साहेब हे बघून खुर्चीत परत बसला आणि त्याने डोळे पुसले. असा कर्मयोगी त्याने जन्मात पाहिला नसावा. मी मात्र पाहिला होता, रोज पाहत होतो, आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. सख्ख्या बापाच्या दुःखात माणूस इतक्या चोख नजरेने वाटी बघत नाही. मी दार ओढून घेतलं आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. जाताना कोणीतरी माझ्या हातात हार दिला.

अप्पा खाटेवर बसले होते. खिडकी बंद, दाढी केलेली, बशीतून चहा चालला होता. माझ्या हातातला हार बघून ते म्हणाले, "घाल, घाल. आणलंस तर घाल."

मी ओरडलो. अप्पांना ऐकू जाईल एवढं ओरडायचं म्हणजे सगळ्या गल्लीला कळणार, म्हणून अर्ध्यावर गिळलं. तेव्हा अप्पांनीच करून दाखवलं, की बहिऱ्या माणसाला दौलतने हा कट न ओरडता सांगितला कसा. चादर तोंडावर ओढून, जीभ बाहेर काढून, मग समोरच्या गाळ्याकडे बोट दाखवून. अप्पांना सगळं समजलं. "अख्खो जलम गेलो, माझो कोणाक उपयोग नाय झालो," ते मला म्हणाले. "मराक तरी उपयोगी पडलंय." आणि हसले. पण हसताना त्यांचा हात छातीवर होता. बँजो गल्लीतून गेला होता आणि त्यांच्या छातीत काहीच वाजलं नव्हतं, हे मला त्या क्षणी उमगलं. मी शिव्या द्यायला आलो होतो, त्या तशाच राहिल्या. हार खुंटीला अडकवला आणि खाली आलो.

चकती पास झाली. साहेबाने सूक्ष्मदर्शकातून तासभर भोकं बघितली, दौलतचा हात हातात घेऊन दाबला आणि विमानाला गेला. त्यानंतर अनुजाने दार लावून दौलतला जे झापलं ते चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर ऐकू आलं. दुसऱ्याच दिवशी तिने साहेबाला फोन करून खरं सांगून टाकलं. काम गेलं तरी चालेल, पण खोट्यावर नको, म्हणाली. साहेबाने एवढंच विचारलं, "बट द होल्स आर राउंड, नो?" भोकं गोलच होती. काम मिळालं, मशीन राहिलं.

मंडळाच्या मीटिंगमध्ये दौलतची सालटी काढली. तो आपला एकच धरून बसला, "मी 'अप्पा' एवढंच म्हटलं. गेले असं मी बोललोच नाय. ते ह्याने ठरवलं." म्हणजे मीच वेडा. शेवटी असं ठरलं, की परबांच्या घरासाठी बँजो एकदा थांबवून झालेला आहे. त्याच माणसासाठी परत थांबणार नाही. हे अप्पांच्या कानात ओरडून सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "बराबर हा. माझो वाटो मी घेतलंय."

आम्ही सगळे हसलो होतो तेव्हा.

ह्या वर्षी अप्पा गेले. दिवसही बघा, आगमनाचाच रविवार. सकाळी दाढी झाली, खिडकी उघडून झाली आणि चहा प्यायचा राहून गेला. दौलतने भिंतीवर थाप मारली, मी गेलो. ह्या वेळी मी अप्पांच्या नाकापुढे बोट धरून खात्री करून घेतली. दौलतने मला तसं करू दिलं.

त्याची बहीण सुभद्रा कणकवलीहून निघाली होती, ती पोचेपर्यंत थांबायचं होतं. अप्पांना जमिनीवर घेतलं, उशाशी दिवा लावला आणि बाजूला तुळशीचं पान टाकून पाण्याची वाटी ठेवली. समोरचं मशीन आज बंद होतं. अनुजा वर येऊन दाराशी बसली होती. दुपार झाली आणि लांबून बँजो ऐकू यायला लागला. मी उठलो. मीटिंगमध्ये काय ठरलं होतं ते गेलं चुलीत.

"मी बंद करायला सांगतो," मी म्हटलं.

दौलतने माझा हात धरला. "नको. वाजवायला सांग. खिडकीखाली थांबून वाजवायला सांग."

"अरे, पण घरात..."

"गेल्या वर्षी अप्पांनी माझ्यासाठी खिडकी बंद ठेवू दिली राजेश. एक वर्ष बँजो ऐकला नाय त्यांनी. मला काय माहीत होतं तेच शेवटचं असेल." मग तो रडायला लागला.

मी खाली जाऊन सांगितलं. पोरं आधी माझ्याकडे बघत राहिली, मग वाजवायला लागली. खिडकीखाली उभं राहून, जीव तोडून वाजवलं त्यांनी. मी परत वर आलो तेव्हा जमीन थरथरत होती, भांडी खणखणत होती, दिव्याची ज्योत नाचत होती. अप्पांच्या उशाशी वाटीतलं पाणी काठापर्यंत उसळत होतं आणि तुळशीचं पान त्यात गरगरत होतं. अनुजाने सवयीने हात पुढे करून ती वाटी धरली.

दौलतने तिचा हात हळूच बाजूला केला.

"राहू दे मॅडम," तो म्हणाला. "हलू दे."